मदत हवी आहे: कमी तिखट रस्सा फुटतोय

नमस्कार मंडळी. सासूबाईंना डॉक्टरांनी तिखट आणि गरम मसाला बंद सांगितलाय, म्हणून त्यांच्यासाठी नारळाच्या दुधातला भाज्यांचा रस्सा करते. एका नारळाचं घट्ट दूध वाटीभर आणि पातळ दोन वाट्या काढते. तुपावर जिरं, कढीपत्ता, किसलेलं आलं, हळद आणि बिया काढलेली एकच हिरवी मिरची. फ्लॉवर, गाजर, बटाटा, मटार पातळ दुधात शिजवते, घट्ट दूध अगदी शेवटी घालते. इथवर सगळं छान दिसतं. मग दोन आमसुलं टाकली की पाच मिनिटांत कडेने दाणे धरायला लागतात, वर तेल आणि खाली पाणी! गॅस मंदच असतो.

आमसुलं गॅस बंद केल्यावर घालावीत का? की तांदळाची पिठी चमचाभर कालवून लावली तर दूध धरून राहील? पिठीने चव पिठूळ होईल अशी भीती वाटते. आणि मसाल्याशिवाय स्वाद कशाने आणता? त्या मालवणच्या, आयुष्यभर झणझणीत जेवलेल्या. आता ताटात निम्मी भाजी तशीच राहते, ते बघवत नाही. कोणी करत असाल तर प्रमाणासकट सांगा, उद्याच करून बघेन.