टॅली आणि एक्सेलवर चालणाऱ्या कारखान्यासाठी अ‍ॅनालिटिक्सचे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

जमाखर्च
भोसरी एमआयडीसीत आमचा वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा लघुउद्योग आहे. हिशेब टॅलीत, उत्पादन सुपरवायझरांच्या एक्सेल फाइलींत आणि रिजेक्शन (तपासणीत नाकारलेले भाग) वहीत, अशी व्यवस्था असल्याने महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत हाती येत नाही. मालकांना सर्व आकडे एका डॅशबोर्डवर हवे आहेत. पाहणारे सातजण असून वार्षिक खर्च साठ हजारांच्या आत ठेवायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

लेथवाला
डोळे झाकून टॅब्लो घ्यावे. आमच्याकडे तेच आहे आणि पाहुणे ग्राहक आले की स्क्रीन पाहूनच निम्मे काम होते. बजेट मालकांकडून वाढवून घ्यावे.

आकडेमोड
साठ हजार म्हटले आहे, ते तरी वाचावे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयची डेस्कटॉप आवृत्ती, जिच्यात अहवाल बनवतात, ती विनामूल्य आहे. मात्र अहवाल ऑनलाइन इतरांना दाखवायचा, तर पाहणाऱ्या प्रत्येकाला सहसा प्रो परवाना लागतो. त्याचा दर एप्रिल २०२५ पासून माणशी महिना १० डॉलरवरून १४ डॉलर झाला असल्याने सातजणांचे वर्षाला लाखाच्या आसपास जातील. मेटाबेस या डॅशबोर्डच्या सॉफ्टवेअरची मुक्तस्रोत आवृत्ती फुकट आहे, पण त्यासाठी माहिती आधी डेटाबेसमध्ये भरावी लागते आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो.

फाउंड्रीकर
कोल्हापुरात आम्ही हे सर्व करून बसलो आहोत. सल्लागाराने रंगीत चार्टांचा ढीग उभा केला आणि पैसे घेऊन तो गेला; परंतु एकच बुश स्टोअरमध्ये ‘बुश २५’, खरेदीत ‘बुश २५ एमएम’ आणि विक्रीत ग्राहकाच्या पार्ट नंबरने नोंदलेला असल्याने साठा उणे दिसत राहिला. त्यात एका संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती, त्यामुळे ५ जुलैचे उत्पादन ७ मे रोजी जाऊन बसले. आधी आयटम मास्टर, म्हणजे सर्व मालाच्या नावांची मूळ यादी, स्वच्छ करा.

लेथवाला
मास्टर साफ होण्याची वाट पाहिली, तर डॅशबोर्ड नातवंडेच पाहतील.

शॉपफ्लोर
फाउंड्रीकर म्हणतात तेच, आधी मास्टर. रिजेक्शनच्या कारणांची यादी करताना ‘इतर’ हा पर्याय मात्र देऊ नये. शिफ्ट संपताना प्रत्येकजण तोच निवडतो.

मोकळा वेळ
पॉवर बीआयच घ्यावे, असे माझेही मत आहे. मात्र मालकांकडे मॅकबुक असेल, तर डेस्कटॉप आवृत्ती त्यावर थेट चालत नाही.

आकडेमोड
मालक अहवाल ब्राउझरमध्येच पाहणार आहेत, बनवणार नाहीत.

जमाखर्च
सर्वांचे आभार. मास्टर दुरुस्त करणे योग्यच आहे, पण त्यासाठी स्टोअरचा माणूस मोकळा होईल, असे दिसत नाही आणि मालक दिवाळीपूर्वी काहीतरी पाहायचेच म्हणतात. म्हणून उत्पादन आणि रिजेक्शन तूर्त बाजूला ठेवून केवळ ग्राहकांकडील थकबाकी घेत आहे, कारण टॅलीतील पार्टींची नावे जीएसटी क्रमांकामुळे बरीच नीट आहेत. बिलवार थकबाकी दर सोमवारी एक्सेलमध्ये काढून पॉवर क्वेरी या पॉवर बीआयमधील माहिती जोडण्याच्या सोयीने जोडेन. आम्ही लघुउद्योग म्हणून नोंदणीकृत असल्याने अशा उद्योगांची बिले भागवण्यासाठी कायद्यात असलेली ४५ दिवसांची कमाल मुदत उलटलेली बिले वेगळ्या रंगात दाखवेन. प्रो परवाने मालकांचा आणि माझा असे दोनच घेत आहे. बाकी पाचजणांना पीडीएफ मिळेल.

लेथवाला
पीडीएफच पाठवायची, तर टॅलीतूनच काढता आली असती.