टोकाच्या मतांसाठी नोकरी घालवायची का?

कुळागर : मानकुरादने काल लिहिलं, "ज्याची मतं अतिरेकी, त्याला मालकाने त्याच दिवशी गेटबाहेर काढावं. चौकशी-बिवकशी नको." वाचून फार राग आला. अतिरेकी कोण हे ठरवणार कोण, एचआरवाला? १९७४ मध्ये मध्य प्रदेशात एका शिक्षकाला सरकारी सेवेतून कमी केलं. का, तर पूर्वी तो संघ-जनसंघाच्या कामात होता असा पोलिसांचा अहवाल! १९८३ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात जिंकला. तेव्हा ज्या मतांपायी नोकरी जात होती, त्याच मतांची माणसं आज राज्य करतात. उद्या वारं फिरलं की कुणाचा नंबर?

मानकुराद : सोयीचा तेवढाच निकाल सांगितलास. १९५८ चा बालकोटय्या खटला? कम्युनिस्ट चळवळीतल्या रेल्वे कामगारांना काढलं, ते हरले. मत बाळगा, पण सरकारी नोकरी हा हक्क नव्हे, असं कोर्टाने मानलं. आणि निकाल राहू देत. माझी मावसबहीण वेर्ण्याला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. सुपरवायझरने शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "ह्या मुसलमानांना गोव्यातून हाकला." तिच्या शेजारी बसणारी मुलगी मुसलमान. दुसऱ्या दिवशी रजेच्या अर्जावर सही घ्यायला तिला त्याच्याचकडे जावं लागलं. महिन्याभरात मुलीने काम सोडलं. नोकरी तिची गेली, त्याची नाही!

कुळागर : ते वाईटच झालं. पण हाताखालच्या माणसांच्या ग्रुपवर असं लिहिणं हे वागणं झालं, नुसतं मत नव्हे. चार्जशीट द्या, चौकशी करा, काढा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका बसचालकाचं उलटं होतं. वर्णद्वेषी पक्षाचा म्हणून २००४ मध्ये त्याला काढलं. त्याचे बहुतेक प्रवासी आशियाई, वरिष्ठही आशियाई, आणि कामाबद्दल एक तक्रार नाही. २०१२ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

रोमट : कसली चार्जशीट घेऊन बसलात? मी कंत्राटी. कोळसाविरोधी सभेला गेलो, कुणीतरी फोटो दाखवला, सोमवारी गेटपास बंद. कंत्राटदार म्हणाला, "कंपनीला आंदोलनवाले नकोत." मीही अतिरेकीच ठरलो ना?

दर्यावर्दी : कंत्राटावर सगळे भायले, म्हणजे गोव्याबाहेरचे, भरलेत म्हणून ही पाळी आली. निम्म्या पगारात राबायला तयार असतात, मग गोंयकाराला कोण विचारतो?

रोमट : तोंड सांभाळ. माझा बाप कोल्हापूरहून आला, खाणीवर ट्रक चालवला. २०१२ ला खाणी बंद झाल्या, ट्रक कर्जासकट दारात उभा राहिला. मी डिचोलीत जन्मलो, इथल्याच शाळेत शिकलो. मी भायला?

दर्यावर्दी : तुला उद्देशून नव्हतं. पण माझा आयटीआय झालेला मुलगा दोन वर्षं घरी बसलाय, त्याचं काय?

रोमट : त्यालाही कायम नोकरी मिळायला हवी. तुझ्या मुलाची जागा मी घेतली नाही. कायम जागा कंपनीनेच बंद केल्या.

मानकुराद : मुद्द्यावर या. कुळागर, होऊ दे तुझी चौकशी. पण ती संपेपर्यंत तो सुपरवायझर निलंबित हवा. त्या मुलीची रजा त्याच्या हातात एक दिवसही नको.

कुळागर : निलंबन मान्य. "त्याच दिवशी गेटबाहेर" हे अजूनही नाही.

रोमट : चौकशी कायम कामगाराची होणार. माझी कोण करणार, कंपनी की कंत्राटदार? दोघंही म्हणतात, हा आमचा माणूस नव्हे.