रात्री दोन वाजता पीडीएफ मागवली, पुढे ग्रुपवर टाकली. चुकलं का?

तालुक्याचा डॉक्टर: परवा रात्री सहा वर्षांचा मुलगा आणला. पोरं बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या, विषारी) बियांनी खेळत होती, यानं चावून खाल्ल्या. आईनं उरलेला चोथा पदरात बांधून आणलेला. उलट्या, नाडी ४८. नाडी वाढवायला ॲट्रोपिन दिलं, १०८ ला फोन केला, गाडीला पाऊण तास. चारकोल (पोटातलं विष शोषणारा कोळसा) एकदाच द्यायचा की दर काही तासांनी? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला, याच विषबाधेवरचा श्रीलंकेचा २००३चा ट्रायल सापडला, पण सारांशाच्या पुढं लॉगिन. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या बॅचमेटला झोपेतून उठवलं, तिनं काढून व्हॉट्सॲप केला. मुलगा घरी गेलाय. उत्साहात मी तो पेपर आमच्या १८० जणांच्या ग्रुपवर टाकला आणि आता ती चिडलीय. तिचं म्हणणं, लॉगिन तिचं आहे.

पुस्तकांच्या गराड्यात: चिडणारच हो! अडलेल्या सहकाऱ्याला एक लेख देणं ग्रंथालयांच्या काही करारांत चालतं, १८० जणांना वाटणं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापराला आणि संशोधनाला सवलत आहे खरी, पण ग्रंथालयाचा प्रकाशकाशी करार ही वेगळी भानगड. जानेवारी २०२५पासून केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना मिळतात. तुमच्यासारखे खासगीवाले बाहेरच राहिलेत, आणि रात्री बिट्टी खाल्लेलं पोर आधी तुमच्याच दारात येतं. ग्रुपवर लिंक टाका, फाईल नको. पासवर्ड तर कुणी मागितला तरी देऊ नये.

फिजिशियन, कोकण: मला करारापेक्षा त्या पेपरचीच धास्ती वाटते. २००३मध्ये पुन्हापुन्हा चारकोल दिल्यावर मृत्यू कमी दिसले, बरोबर. पण २००८मध्ये, श्रीलंकेतच, साडेचार हजारांवर रुग्णांत काही फरक पडला नाही. तोही ‘लॅन्सेट’मध्येच, आणि पबमेड सेंट्रल या वैद्यकीय लेखांच्या खुल्या साइटवर फुकट आहे. रात्री दोनला जो हाताला लागला तो आपण खरा धरतो. पुढच्या वेळी दिल्लीच्या एम्सच्या विषबाधा माहिती केंद्राला फोन लावा, चोवीस तास उचलतात.

तालुक्याचा डॉक्टर: २००८चा आत्ता वाचला. नशीब, मी एकच डोस देऊन गाडीत घातला होता. ग्रुपवरची फाईल काढली, दोन्ही लिंका टाकल्या, बॅचमेटला सॉरी म्हटलं. पण तोवर एकानं फाईल जिल्ह्याच्या ग्रुपवर ढकललेली, वर “अवश्य वाचा”.