वाटदुरुस्ती: आत्ताच का, आणि कशी

कात्रज-सिंहगड ही पुण्याजवळची डोंगरवाट पावसाच्या तोंडावर मे महिन्यात दुरुस्त करू, फाल्गुनातच घाई कशाला, असं काहींनी विचारलंय. मेच्या उन्हात तासभर पहार चालवून बघा, मग बोलू! शिवाय आत्ता गवत वाळून आडवं झालंय, त्यामुळे गेल्या पावसाने कुठे चर पाडलेत ते स्वच्छ दिसतं.

कात्रज-सिंहगड वाटेचं खरं दुखणं उभ्या उतारावर आहे. लोक वळण टाळून सरळ खाली घसरतात, मुरूम सुटतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच वाटेचा ओढा होतो. तिथे पायऱ्या रचण्याआधी पाणी बाहेर काढा. त्यासाठी लावायचे मोठे दगड वाटेला काटकोनात नकोत, तिरके लावायचे, निम्म्याहून जास्त गाडायचे आणि दरीकडच्या टोकाला पाण्याला मोकळी जागा ठेवायची. नुसते वर ठेवलेले दगड पहिल्याच वळवात गडगडतात. गडाजवळ काम असेल तर तटबंदीचा ढासळलेला चिरासुद्धा उचलू नका.

गवत पेटवून वाट 'साफ' करायची सूचनाही कुणीतरी केलीय, ती कृपया मागे घ्या. वणवे असेच लागतात. विळ्याने कापा की! आणि वनविभागाची परवानगी आधी, टिकाव नंतर.