फोर्ड मॉडेल टी कन्नड घाटातून उतरवण्यापूर्वी ब्रेकची चाचणी कशी घ्यावी?

गिरणाकाठ (चाळीसगाव):
आमच्या काकांकडे 1923 सालची फोर्ड मॉडेल टी चालू स्थितीत आहे आणि दिवाळीनंतर ती कन्नडपर्यंत नेऊन परत आणण्याचा बेत आहे. चढ ती चढेल. काळजी परतीच्या उताराची आहे. पायाचा ब्रेक गिअरपेटीतल्या ड्रमवर (फिरणाऱ्या पोकळ चाकावर) आणि हाताचा मागच्या चाकांवर लागतो, पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत. गॅरेजवाले ‘ब्रेक पकडतो’ यापलीकडे काही सांगत नाहीत. नेमके काय तपासावे?

लळिंगवाट (धुळे):
दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासावेत. ब्रिटनमध्ये 1904 च्या नियमांनी मोटारीला दोन स्वतंत्र ब्रेक सक्तीचे केले ते एवढ्यासाठीच, की एक निकामी झाला तरी दुसऱ्याने गाडी थांबावी. आपल्या गाडीत पायाच्या ब्रेकचा जोर शाफ्ट, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी) आणि अॅक्सल या वाटेने चाकांपर्यंत जातो. एका हबची चावी (चाक अॅक्सलवर पक्के धरणारी लोखंडी पट्टी) तुटली, तर डिफरन्शियलमुळे दुसऱ्या चाकावरचा ब्रेकही गेला, मग पेडल कितीही दाबा. अशा वेळी चाकावरचा हँडब्रेकच कामी येतो, आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत नेमका तोच उभी गाडी धरण्यापुरता उरलेला असतो.

मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर चुन्याची रेघ मारून तिथे ब्रेक लावावा आणि थांबेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. दर सेकंदाला वेग 3 मीटर प्रति सेकंदाने घटत असेल, तर ताशी 20 किमी वेगाला सुमारे 5 मीटर आणि 40 किमीला सुमारे 20 मीटर लागतात. हँडब्रेकच्या चाचणीत एकाच चाकाची घसरल्याची खूण उमटली, तर दोन्ही बाजूंचे ब्रेक ओढणारे रॉड सारखे ताणलेले नाहीत असे समजावे. ब्रेक लागताच भार पुढे सरकून मागची चाके हलकी होतात आणि उतारावर हे अधिकच होते. म्हणून सपाटीवरचे अंतर घाटात गृहीत धरू नये.

तापीतीर (भुसावळ):
घाटात खरा प्रश्न उष्णतेचा आहे. 1888 मध्ये बर्था बेंझ मानहाइमहून फोर्झहाइमला मोटार घेऊन गेल्या, तेव्हा उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले आणि वाटेत चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घ्यावे लागले. आपल्या गाडीत पायाच्या ब्रेकचा ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा गिअरपेटीच्या तेलात असतो, तरी सतत दाबून ठेवल्यास जळतो. म्हणून थ्रॉटल बंद करून लो गिअरचे पेडल दाबून धरावे (पाय भरून येतो, त्याला इलाज नाही), वेग इंजिनावर रोखावा आणि दोन्ही ब्रेक आलटून पालटून वापरावेत. आधी एखाद्या लहान उतारावर हे करून पाहावे.

पांझरा (धुळे):
ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमवर घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तरात) अॅस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने पुसावे.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
सर्वांचे आभार. मागची बाजू जॅकवर घेऊन हँडब्रेक ओढला, तर उजवे चाक जाम झाले आणि डावे हाताने फिरत राहिले. ड्रम काढल्यावर कोणीतरी नंतर बसवलेले लायनर अॅक्सलमधून झिरपलेल्या तेलाने भिजलेले दिसले. पेट्रोलने धुऊन चालतील का?

लळिंगवाट (धुळे):
नाही. मुरलेले तेल ड्रम तापला की पुन्हा वर येते. आधी सील बदलावे, मग दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच नवे घालावेत आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी.