जंताची गोळी द्यायची कुणाला, 10 फेब्रुवारीला वर्गात असतं कोण?

तापीकाठ : यावलकर भाऊ, काल तुम्ही लिहिलंत, 'फुकटच्या गोळ्या वाटून आदिवासी पोरांवर प्रयोग चाललेत, गोळी खाल्ली की पोरं ओकतात.' रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात नऊ वर्षं मास्तरकी केली मी. जंताची गोळी म्हणजे अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, चावून खायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरा करून. पोटात जंत फार असले की मळमळतं, थोड्या वेळात उतरतं. चौथीतली एक पोर प्रार्थनेला उभी राहिली की भिंतीला टेकायची. डोळ्याखालची पापणी ओढून पाहिली, आत लाली नावाला नाही. अनवाणी तळव्यातून शिरणारा अंकुशकृमी नावाचा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. तिला गोळी नको म्हणणारे आपण कोण?

यावलकर : प्रयोग म्हणालो ते चुकलं, सर. बाकीचं मागे घेत नाही. उत्तर प्रदेशात दहा लाख बालकांवर गोळी पारखली, 2013 ला निकाल छापून आला : वजनात, मृत्यूत फारसा फरक नाही. माझ्या वडिलांना नारू झाला होता. घोट्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत निघायचा, आजी रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळायची. तुटला की पाय सुजून पिकायचा. त्यावर गोळी तेव्हा नव्हती, आजही नाही. तरी गेला ना? पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, लोक पाणी गाळून प्यायले. 1996 ला देशातला शेवटचा रुग्ण, 2000 ला नारूमुक्तीचं प्रमाणपत्र.

सातपुड्याची लेक : नारू इथे लावू नका. तो पिण्याच्या पाण्यातून यायचा, विहिरीवर उपाय केला की संपला. जंत अख्ख्या शिवाराच्या मातीत आहे, शिवार कुठे झाकणार? आणि त्या दहा लाखांत जंत मुळात कमीच होते, तेही सांगा की!

यावलकर : म्हणून तर संडास म्हणतोय! आमच्या गावात बांधले, पाणी नाही. आत गोवऱ्या रचल्यात.

सातपुड्याची लेक : मग गोवऱ्या रचणाऱ्या बाईला दोष देणार? ती हंडाभर पाण्यासाठी उतार उतरते. तुमच्या घरी नळ आहे, भाऊ.

यावलकर : घरावर येऊ नका. बाईला कुणी बोललं नाही.

पाड्यावरची आशा : भांडण थांबवा, माझं ऐका. गोळी 10 फेब्रुवारीला, राष्ट्रीय जंतनाशक दिनी, राहिलेल्यांना पुढच्या आठवड्यात. दिवाळीनंतर आमच्या पाड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत, पोरं सोबत. यादी हातात घेऊन मी कुलपं मोजत फिरते. लोक येतात होळीला, होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजाराला. तेव्हा गोळी द्या.

यावलकर : ऑगस्टची फेरी असते ना?

पाड्यावरची आशा : तोवर पोरांनी रक्त गमवायचं?

यावलकर : बरं, तारखेचं मान्य. पाण्याचं सोडणार नाही.

तापीकाठ : ताई बरोबर बोलल्या. माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी होळीनंतर सतरा पोरं परत आली, गोळ्या कपाटात शिल्लक होत्या. वर विचारलं. दिवस संपला, जमा करा, म्हणाले. मी जमा केल्या.