दोरी तुटण्यापेक्षा न सुटणं घातक

ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) दोरीने ओढून वर नेणाऱ्या विमानाच्या अपघाताबद्दल एकांनी लिहिलंय की ओढताना दोरी तुटली असेल, म्हणून पुढचं, ओढणारं विमान कोसळलं. मला नाही पटत. दोरी तुटली तर ओढणाऱ्याचं ओझं उलट कमीच होतं. खरा धोका दोरी ताणलेली असताना. ग्लायडर मागे फार वर चढलं, की दोरी विमानाचं शेपूट वर खेचते आणि नाक खाली जातं. दोन-तीन सेकंदांचा खेळ. 2000 फुटांवर सावरायला जागा असते, 200 फुटांवर नसते. पुढच्या वैमानिकाकडेही दोरी सोडायचा खटका असतो, पण काही जुन्या पद्धतीच्या हुकांवर वरच्या दिशेने ताण आला की तो जाम होतो. म्हणून ग्लायडरवाल्याला पक्कं शिकवतात: पुढचं विमान नजरेआड झालं, की लगेच दोरी सोडणारी पिवळी मूठ ओढायची.

आपल्या नाशिकला गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं दिसतात. ग्लायडरसाठी पुण्याला हडपसर गाठावं लागतं, आणि तिथेही उड्डाण विंचने, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने. त्यामुळे विमानाने ओढण्यातला हा धोका इथे फारसा कुणाला माहीत नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत गेलेल्या वैमानिकावर ‘चूक त्याचीच’ असा शिक्का कृपया मारू नका.